जिप्सीच्या मागच्या डिफरेन्शिअलचे पिनियन सील बदलताना

मागच्या डिफरेन्शिअलमधून, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी असलेल्या, चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीतून, तेल गळू लागले की ‘सील गेले’ असे निदान कोणीही गाडीखाली न वाकता करतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघते. माझ्या गाडीच्या बाबतीतही ते बरोबरच होते. मात्र सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबरी कडी, का गेले आणि ते बदलल्यावर पिनियनचा, म्हणजे त्या पेटीत शिरणाऱ्या दातेरी दांड्याचा, नट पुन्हा किती आवळायचा, या दोन गोष्टी त्या निदानात येत नाहीत, आणि सगळे काम खरे तर त्यांच्याभोवतीच फिरते.

गाडी पेट्रोलवरची जिप्सी किंग आहे, म्हणजे १९९६ साली आलेल्या १.३ लिटर इंजिनाच्या पिढीतली. २०१९ मध्ये जिप्सीची बाजारातली विक्री बंद झाली; तरी लष्कराने ही गाडी वर्षानुवर्षे वापरली असल्यामुळे तिचे सुटे भाग अजून बाजारात मिळतात आणि गोव्यात म्हापशाला थोडी चौकशी केली तर रिकाम्या हाताने परतावे लागत नाही. आमचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, सत्तरीत, ठाणे गावाच्या पुढे आहे. तिथे जाणारी शेवटची वाट ओहोळातून जाते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या ओहोळाला चाकांच्या निम्म्याहून वर पाणी असते. हा तपशील केवळ वर्णनासाठी दिलेला नाही. गळतीचे मूळ त्यातच होते.

गळती पहिल्यांदा लक्षात आली ती जमिनीवरच्या डागामुळे नव्हे. इंजिनाकडून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टबरोबर पिनियनचा फ्लँज, म्हणजे दोघांना जोडणारी चकती, सतत गरगर फिरत असल्याने सीलमधून झिरपणारे तेल खाली ठिबकण्याआधी चहूबाजूंना फेकले जाते, आणि गाडीच्या तळाच्या पत्र्यावर फ्लँजच्या बरोबर वर एक आडवा काळा पट्टा उमटतो. आमच्याकडच्या लाल मातीने त्या पट्ट्यावर बोटभर जाडीचा गिलावा चढवला होता. तो खरवडून नाकाशी नेला तेव्हा गंधकाचा उग्र वास आला. असा वास इंजिन ऑइलला किंवा ब्रेक ऑइलला येत नाही. डिफरेन्शिअलमधले दाते एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, तर मोठ्या दाबाखाली घासत सरकतात. त्या दाबाने तेलाचा थर तुटला तरी दात्यांच्या धातूवर रक्षक थर राहावा म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घातलेली असतात, आणि वास त्यांचाच असतो.

तरीही एवढ्यावर सीलला दोषी ठरवणे घाईचे झाले असते. जिप्सीत पुढे ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे शक्ती वाटणारी पेटी, आहे; तिथल्या मागच्या सीलमधून तेल गळत असेल तर चालत्या गाडीखालचा वारा तेही मागे आणून डिफरेन्शिअलवर बसवतो. म्हणून रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन दोन्ही ठिकाणे लख्ख केली, फडक्याने कोरडी केली, आणि वाळपईहून होंड्यामार्गे साखळीपर्यंत जाऊन आल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहिले. ट्रान्स्फर केस कोरडा होता. डिफरेन्शिअलच्या नाकाडाशी, फ्लँज आणि हाउसिंग (बाहेरचे कवच) यांच्यामधल्या फटीत, ताज्या तेलाची चकचकीत कडा दिसत होती.

यानंतरची तपासणी अनेक जण गाळतात. फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवून पाहायचा असतो. तो गोल फिरवताना थोडी मोकळी चाल लागते. ती दात्यांमधली असते आणि तेवढी असावीच लागते. वर-खाली किंवा आत-बाहेर मात्र हाताला काहीही जाणवता कामा नये, कारण तशी चाल म्हणजे पिनियनचे बेअरिंग झिजलेले असते, आणि झिजलेल्या बेअरिंगवर डोलणाऱ्या शाफ्टपुढे कितीही चांगले सील फार काळ टिकत नाही. सुदैवाने माझ्या गाडीत फ्लँज जागेवर घट्ट होता.

मग सील का गेले? त्याचे वय झाले होते हे खरे; पण अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला हात लावल्यावर दुसरे कारणही सापडले. ब्रीदर म्हणजे हाउसिंगच्या वरच्या बाजूला बसवलेली छोटी टोपी, जिच्यातून आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची आत येते. गाडी चालून डिफरेन्शिअल तापले की आतली हवा प्रसरण पावते. ब्रीदर बंद असेल तर तिला बाहेर पडण्याचा मार्ग उरत नाही, आणि ती तेलाला सीलच्या ओठाखालून बाहेर रेटते. उलट, तेच तापलेले हाउसिंग ओहोळाच्या थंड पाण्यात उतरले की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि त्याच ओठाखालून पाणी आत ओढले जाते. माझ्या ब्रीदरची टोपी बोटाने फिरायला हवी होती, ती लाल मातीने जागच्या जागी थिजली होती. पुढे तेल काढले तेव्हा त्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा निघाला, आणि मग शंकेला जागा राहिली नाही. ब्रीदर तसाच ठेवून नवे सील बसवले असते, तर तेही पुढच्या पावसाळ्यापर्यंत गळू लागले असते.

‘थोडेसेच तर गळते, अधूनमधून तेल भरत राहू’ हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पण पिनियन दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर फिरतो, आणि त्यांतले बाहेरचे, म्हणजे सीलच्या लगतचे बेअरिंग थेट तेलात बुडालेले असेलच असे नाही. क्राऊन व्हील, म्हणजे पिनियनने फिरवलेले मोठे दातेरी चाक, फिरताना जे तेल उडवते ते हाउसिंगमधल्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचते. पातळी खाली गेली की सर्वांत आधी तेच बेअरिंग कोरडे पडते, आणि ते गेले की काम सीलवर न थांबता पूर्ण डिफरेन्शिअल उतरवण्यापर्यंत जाते.

साखळीला माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. मूळचा दोडामार्गचा, वयाने माझ्या मुलाएवढा. चतुर्थी तोंडावर आल्याने त्याच्या गॅरेजात गाड्यांची रांग लागली होती; त्यामुळे काम मी घरीच करावे, फ्लँज ओढून काढण्याचा पुलर त्याच्याकडून न्यावा आणि नट आवळायच्या वेळी तो येईल, असे ठरले. पुलर हातात देताना तो म्हणाला, “काका, सील काय, कोणय बसयत. नट आवळूक जाणतो हात व्हयो.” आणि जाता जाता बजावले, की काही झाले तरी हवेच्या दाबावर नट आवळणारी गन त्या नटाला लावू नका.

त्याच्या बजावण्यामागचे कारण असे. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये पातळ पोलादाची एक नळी असते. नट आवळत गेले की ही नळी दबून किंचित आखूड होते, आणि बेअरिंगांवर ठरावीक ताण येतो. हा ताण कमी पडला तर पिनियन पुढे-मागे सरकतो, दात्यांचा एकमेकांवरचा ठसा बदलतो आणि गाडी वेग घेताना किंवा सोडताना कण्हू लागते. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळते. शिवाय नळी एकदा दबली की परत लांब होत नाही, त्यामुळे जास्त आवळलेला नट थोडा मागे घेऊन चूक भरून निघत नाही. नळीच नवी घालावी लागते, आणि त्यासाठी सगळे उलगडावे लागते. हवेची गन क्षणात किती आवळून जाते हे हाताला कळत नाही. काही जण सीलबरोबर ही नळी प्रत्येक वेळी बदलावी असा आग्रह धरतात. बेअरिंगला चाल असेल तर त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण बेअरिंग ठणठणीत असताना, आधीचा ताण मोजून तोच पुन्हा आणता येत असेल, तर चालते यंत्र उलगडण्यात शहाणपण आहे असे मला वाटत नाही.

गाडी शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर घेतली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावले, कारण प्रोपेलर शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीची मागच्या चाकांवरची पकड जाते. चाकाला अडसर म्हणून चिरा उत्तम आहे, पण गाडीचा भार त्याच्यावर कधीही देऊ नये. जांभा दगड पसरलेला दाब पेलतो, एका टोकावर आलेला दाब मात्र त्याला सोसत नाही आणि तो काही न सांगता फुटतो. आमच्या भागात चिऱ्यांच्या थरावर गाडी चढवून खाली सरपटणारे लोक मी पाहिले आहेत, आणि म्हणून हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. मागचा अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँडवर टेकवला, मागची चाके काढली आणि ब्रेकचे ड्रमही उतरवले. ड्रम उतरवण्याचे कारण मोजमापाचे होते: ब्रेकचा लायनर जरा जरी घासत असेल, तरी पिनियन फिरवायला लागणाऱ्या जोरात त्याची भर पडते आणि आकडा खोटा येतो.

प्रोपेलर शाफ्टचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज या दोहोंवर आरपार एक रंगाची रेघ मारली, म्हणजे जोडताना शाफ्ट होता तसाच बसेल आणि नवी थरथर उद्भवणार नाही. चार बोल्ट काढून शाफ्ट बाजूला घेतला आणि तारेने चासीला बांधला. तो क्रॉसवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर, लोंबकळत ठेवणे बरे नव्हे.

आता मोजणी. फ्लँजच्या गोल कडेवर मजबूत दोरी दोन-तीन वेढे गुंडाळली, तिच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि संथपणे, एकसारखी ओढली. सुरुवातीला बसणारा झटका धरायचा नसतो. फ्लँज एका गतीने फिरू लागल्यावर काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा खरा. माझा काटा पावणेदोन किलोवर स्थिरावला. ज्याला हिशेब हवा असेल त्याने तो आकडा फ्लँजच्या त्रिज्येने गुणावा: त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि ओढ २ किलो असेल तर १० किलो-सेंटिमीटर, म्हणजे साधारण १ न्यूटन-मीटर. अर्थात या मोजणीत फक्त पिनियन नसतो, त्याच्याबरोबर क्राऊन व्हील आणि दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्टही फिरत असतात. म्हणून हा आकडा मॅन्युअलमधल्या सुट्या पिनियनच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याच दोरीने, त्याच जागी, कामानंतर पुन्हा मोजायचा आणि आधीच्या आकड्याशी जुळवायचा, एवढाच त्याचा उपयोग.

पुष्कळ जण या मोजणीऐवजी नट आणि पिनियनवर पंचने खूण करतात आणि नट परत त्या खुणेपर्यंत आणतात. जुनाच नट परत वापरणार असाल तर ही युक्ती ठीक आहे. पण जिप्सीत नटाची कड पिनियनच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, आणि ती एकदा उचकटली की तोच नट पुन्हा भरवशाचा राहत नाही. नव्या नटाचे आटे कुठून सुरू होतील याचा नेम नसतो, त्यामुळे जुन्या नटावरची खूण त्याला लागू पडत नाही. फ्लँजच्या तोंडापासून पिनियनच्या टोकापर्यंतची खोली मी व्हर्नियरने मोजून ठेवली खरी. पण आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर धरले, तर नट १० अंश फिरल्याने पडणारा फरक जेमतेम ०.०४ मिलिमीटर असतो आणि व्हर्नियर स्वतःच ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतो. ढोबळ चूक टाळायला ती नोंद पुरेशी होती, पण ताण ठरवायला मोजलेली ओढच उपयोगाची.

फ्लँज धरून ठेवण्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून हातभर लांबीची जाड लोखंडी पट्टी दोन भोके पाडून आणली होती. ती शाफ्टच्याच दोन बोल्टांनी फ्लँजला आवळली आणि तिचे दुसरे टोक जमिनीवर टेकू दिले. नटाची ठोकलेली कड बारीक छिन्नीने उचलली, सॉकेटच्या दांड्यात पाण्याच्या लाइनचा जुना जीआय पाइप सरकवला आणि जोर दिला. कट्ट असा आवाज होऊन नट सुटला. त्याआधी खालचा प्लग काढून सगळे तेल परातीत घेतले होते, कारण पाणी मिसळलेले तेल ठेवण्यात काही अर्थ नव्हता. फ्लँज पुलरने सरळ बाहेर आला. इथे हातोडी वापरण्याचा मोह आवरावा, कारण तिचा प्रत्येक घाव थेट बेअरिंगच्या रोलरांवर पडतो.

जुने सील पेचकसाने उचकटताना हाउसिंगच्या आतल्या गोलाईवर ओरखडा पडू नये म्हणून पेचकसाखाली लाकडाची चपटी ढलपी ठेवली. बाहेर आलेले सील हातात घेऊन नीट पाहिले. त्याचा रबरी ओठ नखाने दाबला तरी दबत नव्हता, आणि आतल्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या. ओठामागची गोल स्प्रिंग शाबूत होती. फ्लँजच्या गळ्यावर, जिथे हा ओठ घासतो तिथे, एक चकचकीत रेघ उमटली होती. नख त्या रेघेवरून आडवे फिरवले की किंचित अडकल्यासारखे होई, पण थांबत नसे. नख ठप्प अडकले असते तर फ्लँज नवा घ्यावा लागला असता, किंवा त्या गळ्यावर पातळ स्टेनलेस स्टीलची दुरुस्तीची बांगडी चढवावी लागली असती. माझ्या फ्लँजला बारीक पॉलिश पेपर पुरला. तो तेलात बुडवून गळ्याभोवती गोल फिरवला. लांबीच्या दिशेने घासले तर पडणारे ओरखडे तेलाला बाहेर यायची आयती वाट करून देतात.

नवे सील म्हापशातून आणले तेव्हा दुकानात दोन प्रकारची होती, आणि किमतीतला फरक एवढा क्षुल्लक होता की स्वस्त का घ्यावे हेच कळेना. बसवण्याआधी ओठामागच्या खोबणीत ग्रीस भरले, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडून जाणार नाही, आणि ओठावर नव्या तेलाचे बोट फिरवले. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा घेऊन सगळीकडून सारखे, हलके ठोके देत ते आत नेले, आणि जुन्यापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर बाहेर थांबवले. त्यामुळे नवा ओठ जुन्या रेघेवर न बसता तिच्या शेजारच्या कोऱ्या पट्टीवर बसला. फ्लँज बसवताना त्याच्या आतल्या दात्यांना आणि नटाच्या वॉशरखाली सीलंटचा पातळ थर लावला. सील चांगले असूनही याच दात्यांमधून तेल झिरपून नटापाशी येते आणि दोष फुकट सीलवर जातो.

नट आवळायला मेकॅनिक दुपारी आला. त्याने आधी फ्लँज बसेपर्यंत नट आणला, मग पाइप हातात घेतला आणि दर खेपेला नट जेमतेम हलेल इतकाच फिरवून तो मला म्हणे, “काका, बघा.” मी दोरी ओढून काटा वाचत असे. सुरुवातीला काटा जुन्या आकड्याच्या बराच खाली होता आणि नट फिरत असूनही हालत नव्हता. इथेच माणसाचा धीर सुटतो, कारण पुढे काटा चढू लागतो तो हळूहळू नव्हे, एकदम. मधल्या प्रत्येक खेपेनंतर त्याने फ्लँज दोन्ही दिशांनी बरेच फेरे फिरवून घेतला, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतील आणि काटा खरे बोलेल. दोन किलोच्या जरा आत काटा आला तेव्हा त्याने पाइप खाली ठेवला. जुन्या आकड्यापेक्षा ही ओढ किंचित जास्त होती, पण नव्या सीलचा ताठ ओठही थोडी ओढ घेतो, हे त्यात धरायला हवे. व्हर्नियरची खोलीही आधीच्या नोंदीशी जुळली. मग नव्या नटाची कड पंचने पिनियनच्या खाचेत ठोकून बसवली.

बाकीची जोडणी सांगण्यासारखी नाही. तेल ८०डब्ल्यू-९० ग्रेडचे, जीएल-५ प्रतीचे घातले. गाडी सपाट उभी करून भरण्याच्या भोकातून बाहेर ओघळू लागेपर्यंत भरले आणि जास्तीचे गळून जाऊ दिले. सुमारे दीड लिटर लागले. त्याहून जास्त भरण्यात फायदा नसतो, उलट तेच तेल पुन्हा सीलवर दाब आणते. पाणी मिसळलेले जुने तेल डब्यात भरून मेकॅनिकबरोबर गॅरेजला पाठवले. पोफळीच्या मुळाशी किंवा ओहोळात ओतण्याची ती वस्तू नव्हे.

ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुतला आणि त्याच्या जागी नळीचे टोक बसवून रबरी नळी चासीवरून मागच्या दिव्याच्या उंचीपर्यंत वर नेली, तोंड खाली वळवून. ओहोळाचे पाणी एवढ्या उंचीला येत नाही, आणि जेव्हा येते तेव्हा मी पलीकडे जात नाही.

चाचणीसाठी केरीवरून चोर्ला घाट चढलो, कारण सपाट रस्त्यावर डिफरेन्शिअलला पुरेसा भार पडत नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून आणि उतारावर सोडून आवाज ऐकला. दोन्ही वेळा कण्हणे नव्हते. वर थांबून नाकाडाला हात लावला. ते चांगले गरम होते, पण हात ठेवून धरता येण्याइतके. बेअरिंगवर ताण जास्त झाला असता तर हात झटकून मागे घ्यावा लागला असता. घरी आल्यावर फ्लँजच्या मागे पांढरे फडके फिरवले, ते कोरडे निघाले. पुढे चतुर्थीत पाहुण्यांची ने-आण झाली, ओहोळ अनेकदा ओलांडून झाला, आणि पावसाळा सरल्यावर वरचा प्लग काढून बोट बुडवले तेव्हा तेल स्वच्छ, सोनेरी होते.

पुढच्या डिफरेन्शिअलचे सील तितकेच जुने आहे. त्याचाही ब्रीदर तसाच मातीने थिजला होता, तो साफ करून त्याची नळी इंजिनाच्या बाजूने वर नेली आहे. तिथला फ्लँज अजून कोरडा आहे, चाल नाही, आणि तेलात पाण्याचा अंश दिसला नाही. त्यामुळे त्याच्या नटाला मी हात लावलेला नाही.